चार्जिंगचा दिवा फक्त रात्रीच का लागतो? एका कॅम्पर व्हॅनचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गाडी जुनी डिझेल व्हॅन. मागच्या मालकाने घरच्या घरी तिची कॅम्पर केली होती आणि आताच्या जोडप्याने ती तयार अवस्थेत विकत घेतली. दोघंही निवृत्त. काका गाडी चालवतात, काकू वही ठेवतात. कुठे मुक्काम केला, किती डिझेल भरलं, काय बिघडलं, सगळं त्या वहीत असतं. ओळख पटू नये म्हणून गाडीचं मॉडेल आणि इतर तपशील इथे दिलेले नाहीत.

गाडीतली विजेची मांडणी अशा जुन्या कॅम्परमध्ये असते तशीच होती. बॉनेटखाली इंजिनची बॅटरी, म्हणजे सेल मारायची. मागच्या सीटखाली घरची बॅटरी, ११० अँपिअर-अवर क्षमतेची, एजीएम (बंदिस्त लेड-ॲसिड) जातीची. ती दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा चालवते. दोन्हींच्या मधे जाड केबल, दोन्ही टोकांना फ्यूज आणि एक रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच. इंजिन चालू झालं की अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) ‘डी प्लस’ नावाच्या टोकावर व्होल्टेज येतं, त्यावर रिले ओढला जातो आणि दोन्ही बॅटऱ्या एकत्र चार्ज होतात. इंजिन बंद केलं की त्या वेगळ्या होतात, म्हणजे रात्रभर दिवे लावले तरी सकाळी सेल बसत नाही. फ्रिज तीन प्रकारे चालणारा: गॅसवर, बाहेरच्या विजेवर किंवा १२ व्होल्टवर. असा फ्रिज १२ व्होल्टवर दहा-बारा अँपिअर खातो, म्हणून तो त्यावर फक्त गाडी चालू असताना वापरायचा असतो.

मागच्या मालकाने वायरिंगचं चित्र ठेवलं नव्हतं. एका पॅनेलमागे पेन्सिलने ‘लाल = लाल’ एवढंच लिहिलेलं सापडलं.

अडचण

तक्रारी दोन होत्या. रात्री गाडी चालवताना डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा मंद पेटायचा. पूर्ण नाही, राखेखालच्या निखाऱ्यासारखा. निघाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने तो दिसू लागे आणि दिवसा कधीच दिसत नसे. दुसरी तक्रार मागच्या पॅनेलची. दिवसभर गाडी चालवून मुक्कामाला थांबलं तरी पहाटे कमी व्होल्टेजचा भोंगा वाजायचा. तो ११.८ व्होल्टवर लावलेला होता.

आणखी एक गोष्ट काकूंनी बोलता बोलता सांगितली, तक्रार म्हणून नव्हे: “फ्रिज गाडीवर नीट गार होत नाही, पण असे फ्रिज तसेच असतात म्हणे.” मी मान डोलावली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. या प्रकरणातली माझी पहिली चूक ती.

आधी काय काय करून झालं होतं

भोंगा वाजू लागल्यावर काकांनी घरची बॅटरी बदलली. जुनी सहा वर्षांची होती, त्यामुळे निर्णय वावगा नव्हता. नवी बॅटरी बसवली आणि दोन आठवडे भोंगा गप्प राहिला. मग पुन्हा वाजायला लागला. हे दोन आठवडे फार फसवे निघाले. नवी बॅटरी बसवण्याआधी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरली होती, आणि पहिले काही मुक्कामही बाहेरची वीज मिळेल अशाच ठिकाणी झाले होते. ती गाडीवर चार्ज होते की नाही, हे त्या दोन आठवड्यांत कुणी तपासलंच नाही. तपासायची वेळच आली नव्हती.

त्यानंतर एका गॅरेजने अल्टरनेटर बदलला. लाल दिवा म्हणजे डायनॅमो (अल्टरनेटर) गेला, हे समीकरण मेकॅनिकांच्या डोक्यात पक्कं असतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही ठरतं. इथे नवा अल्टरनेटर बसवून पहिल्याच रात्री दिवा पुन्हा मंद पेटला.

काकांनी अर्थिंगही तपासलं होतं. मल्टिमीटर बीपवर ठेवून घरच्या बॅटरीचं निगेटिव्ह आणि गाडीची बॉडी यांना काड्या लावल्या, बीप वाजली, आणि वहीत ‘अर्थिंग ठीक’ अशी बरोबरची खूण झाली. त्या खुणेनेच पुढचा सगळा वेळ घालवला.

समोरचे पर्याय

मी गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा टेबलावर चार पर्याय होते.

काकांचा कल रिले काढून डीसी-टू-डीसी चार्जर बसवण्याकडे होता. हा चार्जर इंजिनकडून येणारं कमी-जास्त व्होल्टेज घेतो आणि घरच्या बॅटरीला हवं तेवढं करून देतो. वस्तू उपयोगाची आहे. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी मुद्दाम व्होल्टेज उतरवतात, तिथे ती लागतेच. पण या गाडीचा अल्टरनेटर जुन्या पद्धतीचा, सतत १४.२ च्या आसपास देणारा. व्होल्टेज वाटेत कुठे खर्च होतंय हे न शोधता वर चार्जर बसवला असता, तर त्याने कमी व्होल्टेजची भरपाई करायला जास्त करंट ओढला असता, आणि वाटेतला खराब जोड आणखी तापला असता. दुखणं तसंच ठेवून वेदनाशामक घेण्यासारखं ते झालं असतं. मी नको म्हटलं. ते महिनाभर पुढे ढकलायला काका तयार झाले, हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय.

रिले बदलून बघायचा, हा दुसरा पर्याय. स्वस्त आणि पटकन होणारा, पण तोही अंदाजच. मागच्या मालकाने जोडलेलं सगळं सोडवून मूळ गाडी एकटी तपासायची, हा तिसरा. तो खात्रीचा, पण पॅनेल उघडण्यात दोन दिवस गेले असते. चौथा पर्याय म्हणजे लोड चालू ठेवून प्रत्येक जोडावर किती व्होल्ट गळतात ते मोजायचं. काही उघडावं लागत नाही, काही विकत घ्यावं लागत नाही. तिथून सुरुवात केली.

पहिलं मोजमाप

इंजिन बंद, गाडी रात्रभर उभी. इंजिनची बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे उत्तम. घरची १२.२, म्हणजे साधारण निम्मी भरलेली. आदल्या दिवशी चार तास गाडी चालली होती, तरी ही अवस्था.

मग इंजिन चालू केलं. अल्टरनेटरवर आणि इंजिनच्या बॅटरीवर जवळपास तेवढंच, १४.२. मीटर एसी व्होल्टवर ठेवून तरंग, म्हणजे व्होल्टेजमधला चढउतार, पाहिला, तर ०.०५ व्होल्टच्या आत. आतला डायोड गेला असता, तर हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला असता. अल्टरनेटर निर्दोष ठरला. मागे घरच्या बॅटरीवर मात्र १३.१. क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) त्या वेळी १८ अँपिअर जात होते. वाटेत १.१ व्होल्ट गायब.

हे कुठे गायब होतात, हे शोधायची रीत सोपी आहे. मीटर व्होल्टवर ठेवायचा, एक काडी एका बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी दुसऱ्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. सीटखालून बॉनेटपर्यंत लांब वायर लागते, एवढंच. जो आकडा येईल तो त्या बाजूची गळती. पॉझिटिव्ह बाजूला ०.३ आलं. इतक्या लांबीच्या केबलला, दोन फ्यूज आणि रिले धरून, ते चालण्यासारखं. निगेटिव्ह बाजूला ०.८. चोर सापडला.

काडी थोडी थोडी सरकवत गेलो. बॅटरीच्या टोकापासून केबलच्या लगपर्यंत (केबलच्या टोकाची, बोल्टात बसणारी धातूची कडी) काही नाही. लगपासून बोल्टपर्यंत काही नाही. बोल्टपासून शेजारच्या उघड्या पत्र्यापर्यंत पाऊण व्होल्ट. बोल्ट सोडवला. मागच्या मालकाने लग सरळ रंगावर कसला होता. करंट फक्त बोल्टच्या आट्यांमधून जात होता, आणि आट्यांत गंज धरला होता.

आता ती बीप. ०.८ व्होल्टला १८ अँपिअरने भागलं तर जोडाचा रोध ०.०४४ ओहम येतो. मीटरची बीप काही दशक ओहमखाली काहीही असलं तरी वाजते. वायर तुटलेली नाही एवढंच ती सांगते, वायर किती भार पेलेल ते नाही. केसाएवढा एकच तार उरला असता तरी बीप वाजलीच असती. आणि ओहम मोजायला गेलं, तर साध्या मीटरच्या काड्यांचाच रोध याहून जास्त भरतो. म्हणून असा जोड करंट वाहत असतानाच मोजावा लागतो.

पहिली दुरुस्ती आणि घाईचा आनंद

कामाआधी बाहेरच्या विजेची केबल काढली, हातातल्या अंगठ्या काढल्या, आणि बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडवलं. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पान्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं, तर पाना तिथेच चिकटून बसतो. बोल्टाभोवतीचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, नवा लग, दातेरी वॉशर आणि नवा बोल्ट घातला, वरून ग्रीस लावलं. केबलही १० चौरस मिलिमीटरची काढून १६ ची घातली. तिची सक्ती नव्हती, पण सीट उघडलेलीच होती.

इंजिन चालू केल्यावर घरच्या बॅटरीवर १३.६, करंट २५ अँपिअर. तासाभरात करंट उतरत गेला आणि व्होल्टेज १४ च्या वर गेलं. एजीएम बॅटरी पूर्ण भरायला १४ च्या वरचंच व्होल्टेज लागतं, १३.१ वर ती कितीही तास ठेवली तरी भरत नाही. जोड सुधारला की करंट वाढतो, म्हणून फ्यूज आणि रिले तो पेलतील ना, हे पाहून घेतलं. रिले हाताला कोमट लागला, तापलेला नव्हता. पहाटेचा भोंगा त्या दिवसापासून बंद झाला.

मी काकांना सांगितलं, झालं काम. दोन तक्रारी, एक कारण. मंद दिवा आणि उतरणारी बॅटरी एकाच गंजलेल्या बोल्टाची लेकरं, असं मी धरून चाललो होतो. चार दिवसांनी फोन आला. भोंगा नाही, पण दिवा काल रात्री पुन्हा लागला.

खरं तर मला तो फोन येण्याआधीच कळायला हवं होतं. घरच्या बॅटरीच्या अर्थिंगमुळे पुढचा दिवा मंद पेटण्याचं काही कारणच नाही. ते दोन रस्ते एकमेकांना भेटतच नाहीत. मी कागदावर सर्किट काढलं नव्हतं.

दिवा नक्की काय सांगतो

या वेळी कागद काढला. जुन्या पद्धतीच्या गाडीत चार्जिंगचा दिवा कसलीही मोजणी करत नाही. तो साधा फिलामेंटचा दिवा आहे. त्याचं एक टोक चावीच्या लाइनला, दुसरं अल्टरनेटरच्या डी प्लसला. चावी फिरवली, इंजिन अजून बंद आहे, तेव्हा एका टोकाला १२ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला जवळपास शून्य, म्हणून दिवा लखलखतो. इंजिन चालू झालं की डी प्लसवरही १४ येतात, दोन्ही टोकांना सारखा दाब, म्हणून दिवा विझतो. म्हणजे दिवा फक्त दोन टोकांमधला फरक दाखवतो. तो मंद पेटतो तेव्हा दीड-दोन व्होल्टचा फरक आहे, एवढंच.

सगळे, मीही, धरून चाललो होतो की फरक पडतो तो डी प्लस खाली गेल्यामुळे, म्हणजे अल्टरनेटर कमी पडल्यामुळे. पण डी प्लस जागेवर असेल आणि चावीची लाइनच खाली गेली असेल, तरी दिवा तसाच पेटेल. फिलामेंटला करंट कुठून कुठे जातो याच्याशी देणंघेणं नसतं. (नव्या गाड्यांत हा दिवा कंप्युटरच्या सांगण्यावरून लागतो. तिथे हे तर्कशास्त्र चालत नाही.)

मग प्रश्न बदलला: चावीच्या लाइनवर एवढा भार कुणाचा?

काकूंची वही

आधी मी विचारलं होतं, “त्रास सुरू होण्याआधी गाडीत काही बदललं का?” उत्तर ठाम नाही. नवीन काहीच बसवलं नव्हतं. या वेळी प्रश्न वेगळा विचारला: तुमच्या वापरात काही बदललं का? काकूंनी वही मागे चाळली. गेल्या हंगामापर्यंत प्रवासात फ्रिज बंदच असायचा. गाडी चालताना गॅस पेटता ठेवायचा नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि १२ व्होल्टचं बटण आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. एका मुक्कामी शेजारच्या गाडीवाल्यांनी दाखवलं, आणि तेव्हापासून निघताना फ्रिज १२ व्होल्टवर टाकायची सवय लागली. दिव्याची पहिली नोंद त्यानंतर नऊ दिवसांनी, अंधारात केलेल्या पहिल्याच प्रवासात.

माझी पहिली मोजणी गाडी उभी असताना झाली होती. उभ्या गाडीत फ्रिज गॅसवर. ज्या अवस्थेत दोष दिसतो ती अवस्था मी उभीच केली नव्हती.

आणि ‘रात्रीच का’ याचं उत्तर तर हसू आणणारं. काका इतके दिवस हेडलाइटवर संशय घेत होते. दिवा दिवसाही तेवढाच पेटत होता. उजेडात तो दिसत नव्हता, इतकंच.

दुसरं मोजमाप

दिव्याची दोन टोकं डॅशबोर्ड न उघडता मोजता येतात. चावीच्या लाइनवरच्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात, तिथे एक काडी. डी प्लस रिलेच्या कॉइलवर मिळतो, तिथे दुसरी. डॅशबोर्डवर काळी शाल टाकून काकू तिच्या आत दिव्याकडे पाहत बसल्या.

नुसतं इंजिन: फरक ०.१. हेडलाइट लावले: तेवढाच. ब्लोअर: ०.३. ब्लोअर बंद करून फ्रिज १२ व्होल्टवर टाकला: एकदम १.३. शालीतून आवाज आला, “अजून नाही.” फ्रिज तसाच ठेवून थांबलो. वीस मिनिटांनी १.७. पस्तीस मिनिटांनी २.१, आणि शालीतून: “लागला!” डी प्लस पूर्ण वेळ १४.२ वर. चावीची लाइन १२.१ वर आलेली.

स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं. चावीच्या स्विचमधून येणाऱ्या वायरवर निळी क्लिप चावून एक बारीक वायर घेतलेली, दीड चौरस मिलिमीटरची, आणि ती थेट फ्रिजकडे गेलेली. मागच्या मालकाचा विचार समजण्यासारखा होता: चावी काढली की फ्रिज आपोआप बंद. पण त्यासाठी फ्रिजचे सगळे दहा अँपिअर चावीच्या स्विचच्या जुन्या संपर्कांतून जात होते. संपर्क गरम होत, गरम झाल्यावर रोध वाढे, रोध वाढला की आणखी गरम. म्हणून अर्धा-पाऊण तास लागायचा. २.१ व्होल्ट आणि दहा अँपिअर म्हणजे २० वॉटची उष्णता, लहान सोल्डरिंग आयर्नएवढी, तीही प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये, चालकाच्या गुडघ्यावर. कनेक्टरचा एक कोपरा तपकिरी झाला होता.

फ्रिजच्या टोकावर मोजलं, ११.४. फ्रिजचा हीटर म्हणजे साधी रोधाची तार, त्यामुळे उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. मिळायला हवे होते साधारण १३.७. म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा उष्णता कमी. ‘असे फ्रिज तसेच असतात’ ते या कारणाने.

दुसरी दुरुस्ती

फ्रिजला इंजिनच्या बॅटरीवरून स्वतंत्र ६ चौरस मिलिमीटरची लाइन दिली. बॅटरीजवळच २० अँपिअरचा फ्यूज आणि एक ३० अँपिअरचा रिले. रिलेची कॉइल डी प्लसवर, म्हणजे फ्रिज आता इंजिन चालू असेल तरच १२ व्होल्टवर चालतो, नुसती चावी फिरवून ठेवली तर नाही. कॉइलला एक-दोन दशांश अँपिअर पुरतो, तेवढा डी प्लस सहज देतो. निळी क्लिप काढून मूळ वायर नीट जोडली. स्विचचा विजेचा भाग आणि कनेक्टर बदलले. स्विच ठेवावा का, यावर थोडा वाद झाला. भार काढल्यावर तो चालला असता, पण एकदा भाजलेला संपर्क आणि तपकिरी प्लास्टिक स्टिअरिंगखाली ठेवायला माझं मन घेईना.

त्यानंतर तासभर फ्रिज चालू ठेवून दिव्याच्या टोकांमधला फरक ०.१५. फ्रिजवर १३.७.

आज केलं तर वेगळं काय करेन

पहिल्याच दिवशी गाडी तक्रारीच्या अवस्थेत आणेन: रात्र, दिवे, फ्रिज, ब्लोअर, एक तास चालवलेली. ते जमत नसेल, तर मोजलेल्या आकड्यांवरून निर्दोष कुणालाच म्हणणार नाही. दोन इशारे असतील, तर प्रत्येकाचं सर्किट वेगळ्या कागदावर काढेन, आणि एकाच कारणाने दोन्ही का घडावेत ते त्या कागदावर बोट ठेवून दाखवता आलं तरच दोन्ही एकत्र धरेन. गॅरेजकडून मात्र याहून जास्त अपेक्षा कितपत ठेवावी, मला शंका आहे. अल्टरनेटर बदलण्याआधी त्यांनी बॅटरीवर मीटर लावला असता तर १४.२ दिसले असते आणि काम तिथेच थांबलं असतं, हे खरं. पण फ्रिजपर्यंत पोहोचायला काकूंची वही लागली, आणि ती कुणी मागितली नव्हती. मीही दुसऱ्या खेपेलाच मागितली.

निकाल

पुढच्या तीन महिन्यांत दिवा किंवा भोंगा, दोन्हींची नोंद वहीत नाही. डीसी-टू-डीसी चार्जरचा विषय काकांनी स्वतःच मिटवला.

नव्या घरच्या बॅटरीचं मात्र नुकसान झालं. अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं. आम्ही तिची क्षमता तपासली: पूर्ण भरून ५.५ अँपिअरचा भार लावला आणि १०.५ व्होल्टपर्यंत उतरवली. ११० अँपिअर-अवरच्या बॅटरीने असे वीस तास काढायला हवेत. हिने साडेपंधरा काढले, म्हणजे सुमारे ८५. दोघांच्या वापराला तेवढं पुरतं, म्हणून ती तशीच ठेवली. काढून ठेवलेला जुना अल्टरनेटरही बेंचवर फिरवून पाहिला. १४.३ देतो. काकांनी तो जुन्या चादरीत गुंडाळून, नव्या वायरिंगच्या चित्रासोबत, मागच्या सीटखाली ठेवला आहे.